पार्बताबाईची नवी किल्ली

मिरची सातऱ्याच्या मागच्या खोलीत
एक टेबल, एक लॅपटॉप, आणि सारखी शिंकणारी मी.
बाहेर चाळीस बाया देठं खुडतात.
दिवस मावळला की जिच्या-तिच्या फोनवर
कामाची पावती, सहीनिशी.

पावतीवर नाव नसतं, असते एक ओळ:
तीन तुकडे, मधे दोनदा विसर्गासारखे ठिपके.
पहिला म्हणतो, ही ओळख आहे.
दुसरा सांगतो, कुठं विचारायचं.
तिसरा म्हणजे नुसती अक्षरं,
सुपातून सांडलेली लाखोळी.

लायब्ररी उतरवून घेतली होती. जावास्क्रिप्टच्या चार ओळी:
रिझॉल्व्हर बनव, पद्धत जोड, ओळ दे, थांब.
थांबायचं विसरलं
तर हातात माणूस येत नाही,
नुसतं वचन येतं.

पार्बताबाईचा फोन पोरानं टाक्यात पाडला.
नवा फोन, नवी किल्ली, नोंदही झाली,
आणि माझा प्रोग्राम म्हणतो: सही जुळत नाही.
"मीच आहो न वं," ती म्हणते,
तिखट हात लुगड्यापासून लांब धरून.

तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर,
विचारायच्या आधीच आल्यासारखं.
तिथंच संशय यायला हवा होता.

डोमाजी ढोरकी माठाशी पाणी पीत होता.
कोणाला तरी सांगत होता,
"बालपांड्याची कबरी इकली वरच्या आळीत. मयना झाला.
आखरावरून सुटली का जाते जुन्याच दारी.
पाहात नाही. पाय नेते तिले."

कॅश.
मीच लिहिलं होतं, मार्चात, रेंज जायची म्हणून:
एकदा सापडलं की लक्षात ठेव.

ती ओळ पुसली.
मग विचारणं खरंच बाहेर पडलं,
टेकडीवरच्या टॉवरवरून पुढं,
कुणा एकाच्या मालकीच्या नसलेल्या वहीपर्यंत,
आणि कागद घेऊन परतलं:
नवी किल्ली, आणि तोच तिसरा तुकडा.
सही जुळली. बावीस किलो.

"याच्यात मी कोनती?" पार्बताबाईनं विचारलं.
मी ओळ दाखवली.
तिनं बोट पडद्यापर्यंत नेलं
आणि न टेकवता मागं घेतलं.
मिरची होती हाताला.

घरी जाताना पाहिलं, कबरी खालच्या आळीतच उभी.
बालपांड्यांच्या ओट्याखाली
कुणीतरी घमेल्यात कोंडा ठेवला होता.