जांभळी रेघ

कराडच्या धावपट्टीवरनं उडालो की धनवडे सर
पडद्यावर रुमाल टाकायचे.
"सांग आता, घर कुठंय?"
मी खाली बघायचो : आगाशिवाचा डोंगर,
कोयना कृष्णेला समोरून भिडते ती जागा,
कारखान्याचा धूर डावीकडे कललेला,
म्हणजे वारा उजवीकडनं.

पुढं नऊ हजार तास
जांभळ्या रेघेनं उडवले.
रेघ वळली की विमान वळायचं,
मी चहा घ्यायचो.

एका पहाटे रेघच गेली.
दोन मिनिटं.
को-पायलट अनघा माझ्याकडे बघत होती,
मी काळ्या काचेकडे.
खिडकी आठवायलाच
त्यातलं दीड मिनिट गेलं.

परवा सरांकडे गेलो. मोतीबिंदू पिकलाय.
ओट्यावरून गाडीचा आवाज ऐकत म्हणाले,
"बांधावरनं आलास? रस्ता सोडून?"

खिशातली बाई अजून सांगत होती,
उजवीकडे वळा.
उजवीकडे सरांची विहीर.