पेटी क्रमांक १७ (?)

हे प्रश्नचिन्ह माझं नाही.
नोंदवहीत आधीपासूनच होतं,
निळ्या शाईत, कंसात,
जणू कुणी दार ढकलून बघितलं
आणि आत न येताच परतलं.

मला अकरा महिन्यांसाठी घेतलंय.
काम : मोजणे, यादी करणे, जुळवणे.
खोली : सिव्हिल लाइन्सच्या जुन्या इमारतीत, जिन्याखाली,
जिथे मेमध्ये कूलरला परवानगी नाही
कारण वस्तूंना ओल लागते,
आणि जुलैमध्ये छत गळतं,
त्याला परवानगी लागत नाही.

पेट्या संत्र्यांच्या आहेत.
बोटीने आलेल्या मूळच्या देवदारी होत्या म्हणे,
एका वर्षी त्यांची टेबलं झाली
(त्यातल्याच एकावर मी लिहितेय),
माल काटोलच्या फळपेट्यांत गेला.
अजून पेंढा हलवला की
तीन हजार वर्षांच्या मातीला
आंबटगोड वास येतो.

दूर एक नदी होती, तिच्यावर धरण होणार होतं.
पाणी चढायच्या आत निघेल ते काढा,
म्हणून देशोदेशीचे लोक फावडी घेऊन धावले,
त्यांत आपले नऊ.
अलोणी सर त्यांतले.
फोटो आहे : सोलाहॅट, अर्धी विजार,
मागे उभी ती माणसं, ज्यांचं गाव खणलं जात होतं.
त्यांची नावं लिहायला फोटोमागे जागा सोडलेली.
जागा अजून आहे.

सर रोज रात्री कंदिलाखाली चिठ्ठ्या लिहायचे :
कुठला खड्डा, कितवा थर, कशाच्या शेजारी.
नागपूरला पोचलो की अहवाल लिहीन, म्हणाले.
बदली झाली. मग मुलीचं लग्न. मग मोतीबिंदू.
चिठ्ठ्या कसर खात गेली,
वरून खाली, थरामागून थर,
सरांनीच शिकवल्यासारखी.

तुळशीराम पराते एकतीस वर्षं भांडारपाल.
"म्याडम, मी आलो तं भल्ली घाण होती.
पिशव्या फाटलेल्या, सारं एकात एक.
तीन उन्हाळे बसलो एकटा.
लाल खापरं लालमधी, काळी काळीमधी,
नक्षीवाली अलग.
पाहा ना, कसं मस्त दिसून राह्यलं!"
खरंच दिसतं.
वडील गोळीबार चौकात हातमागावर,
रंगावार सूत लावणं घरातच शिकलेले.
त्यांना कसं सांगू
की चूल आणि थडगं
त्यांनी एकाच पिशवीत घातलंय,
आता ते कुणालाच वेगळं करता येणार नाही,
सर परत आले तरी.
छान ठेवलंय काका, म्हटलं.
दुसऱ्या कुणी इथे झाडूही मारला नव्हता.

ऑडिट दरवर्षी येतं. विचारतं, नग किती?
चार हजार एकशे बारा.
खापर फुटलं तर नग वाढतात.
वाढीवर आक्षेप नसतो.

गेल्या महिन्यात पत्र आलं, त्या नदीकडून,
एका शाळामास्तराचं.
आजीचं गाव पाण्याखाली आहे.
टेकाडावरच्या वस्तीतलं काही आपल्याकडे असल्यास
कृपया फोटो पाठवा, लहानसा चालेल.
मी तेराशे लाल तुकड्यांसमोर बसले.
एकेक हातात घेतला.
सगळे लाल होते.

सतराच्या तळाशी, गुंडाळायला वापरलेलं
तिकडचं वर्तमानपत्र निघालं.
उजवीकडून डावीकडे. तारीख स्वच्छ.
समासात पेन्सिलीने कुणीतरी केलेली बेरीज,
आठवड्याची मजुरी असावी.
त्यांचे आकडे मला येत नाहीत,
बेरजेखालची रेघ येते.

फोटो काढून तोच पाठवला.

"याले नंबर द्याचा का?" पराते काका विचारतात.
रद्दी आहे नियमाने.
द्या, म्हटलं. चार हजार एकशे तेरा.
स्थळ माहीत आहे. काळ माहीत आहे.
माझा करार शुक्रवारी संपतो.