कागद नंबर सत्तेचाळीस

शाळेच्या छतावर एक यंत्र बसवलंय.
दर सोमवारी आणि गुरुवारी
मी शिडी चढून त्याचा कागद बदलतो.
शिपायाच्या कामात हे बसत नाही,
पण हेडमास्तरांचे गुडघे दुखतात
आणि शिडी माझ्याकडे असते.

कागद गोल, चुन्याच्या डबीच्या झाकणाएवढा.
चिमट्यानं धरायचा.
वणीहून आलेला पोरगा सांगून गेला,
काका, बोटाचं तेलही वजनात येतं.
मग म्हणाला, डोक्याचा एक केस घ्या,
त्याच्या जाडीचे तीस भाग करा,
एका भागाएवढा हा कण.
नाकातल्या केसांना जुमानत नाही.
छातीतल्या शेवटच्या बोळात शिरतो,
तिथून रक्तात.
मंग पुढं कुठं जाते, मी विचारलं.
जिथं रक्त जातं तिथं,
असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली.

छतावरून सगळं दिसतं.
सायडिंगवर ओतला जाणारा कोळसा,
फाटक्या ताडपत्रीचे ट्रक, रांगेनं,
आणि त्यांच्या मागं चालत येणारी सातवी ब.
नदीपलीकडची चिमणी.
जिनिंगच्या पत्र्यांवर साचलेला फुफाटा.
धुऱ्यावर कुणीतरी पऱ्हाट्या पेटवल्यात.
आणि त्या सगळ्यांच्या अलीकडं, पाच पत्र्यांनंतर,
माझ्याच घरातून निघालेला धूर.
सिलिंडर आहे. पाहुण्यांसाठी.

डोमाजी पिदूरकरांचा कापूस यंदा राखाडी निघाला.
व्यापारी म्हणाला, सुतकातला आहे का?
डोमाजी हसले. मग बराच वेळ खोकले.

लाइन गेली की यंत्र थांबतं.
आमच्याच दारावरून गेलेल्या कोळशाची लाइन,
तीच जाते, दुपारी तीन-तीन तास.
मी वहीत लिहितो : बंद.
वही तपासणाऱ्याला वाटत असेल
तेवढा वेळ गावानं श्वास घेतला नाही.

रुंदाला तालुक्याला नेलं होतं.
डॉक्टरीणबाईनं नळीत फुंकायला लावलं.
काटा दोनशेच्या अलीकडंच अडकला.
किती पाह्यजे होतं, मी विचारलं.
साडेतीनशे तरी, त्या म्हणाल्या.
एसटीत रुंदा खिडकीकडं तोंड करून बसली,
आणि नाल्याच्या पुलावर अचानक म्हणाली,
मी नापास, तर मंग
गावात पास कोन हाये?

सत्तेचाळीस नंबरचा कागद कडेला फाटका आला.
परत पाठवायचा होता.
मी तो शुक्रवारी रात्री घरी नेला,
चिमट्यानं, ताटलीत ठेवला,
आणि तिच्या उशाशी, चुलीपासून चार हातांवर.
हे का करता जी, ती म्हणाली. नैवेद्य दाखवता का मले?

सकाळी पाहिला.
काळा नव्हता. काळा झाला असता तर बरं,
काळं माणसाला कळतं.
जुन्या बनियनचा असतो तसा रंग,
एका बाजूला थोडा पिवळसर.
यंत्राला पंप आहे, तो हवा ओढतो.
या कागदानं काहीच ओढलं नव्हतं,
नुसता पडून होता, तिच्यासारखा.

डबीत बंद केला. चिठ्ठीवर रकाने होते, ते भरले.
स्थळ : घर.
लाइन : चालू.
वारा : नव्हता.
शेरा : खोकला बाराला, दीडला,
त्यानंतर मोजला नाही.

सोमवारी वणीचा पोरगा आला.
डबी उलटीपालटी करून म्हणाला,
काका, हा कागद हिशेबात धरता येत नाही.
मी शिडी धरून उभा होतो.
म्हटलं, वजन तर करून पाहा.