मे महिन्यातला हीटर

गुजरी मागे पडलं, घाट सुरू झाला
आणि सुई हलली.
एरवी अर्ध्यावर असते ती,
गेली सव्वीस वर्षं अर्ध्यावर,
गप्प बसणाऱ्या जावयासारखी,
म्हणून कुणाचं लक्ष नसलेली.

पुढे कापसाच्या गाठींचा ट्रक, पहिल्या गिअरमध्ये कण्हत.
मागे हॉर्नची रांग.
शेजारी नणंद. उल्का.
महेश्वरपासून एक शब्द नाही.
मांडीवर साडीचा खोका, त्यावर दोन्ही हात,
जसा काही पाटल्यांनंतर आता
मी त्यातही वाटा मागणार होते.

सुई आणखी एक रेघ वर.

छोटी ग्वालटोलीतले इक्रामभाई
बॉनेटखालून डोकं न काढता बोलतात:
"सड़क तो सब देखते हैं मॅडम, सुई देखा करो."
त्यांनीच शिकवलं.
सकाळी, गाडी गार असताना पाणी बघायचं.
हिरवं असलं तर ठीक,
चहासारखं झालं तर आत गंज.
तेलाची काडी पुसायची, परत बुडवायची,
तेल दुधाळ दिसलं तर देवाचं नाव घ्यायचं
आणि मग मला फोन करायचा. याच क्रमाने.
मी हसले होते. त्या दिवशी बिल तेराशे झालं होतं.

आणि एक गोष्ट, म्हणाले होते,
शिकलेल्या माणसाला पटत नाही ती:
इंजिन तापलं की हीटर लावा.
पूर्ण. पंखा चारवर.

मी हीटर लावला.

बेचाळीस अंशांच्या दुपारी
पायांवर भट्टीचं तोंड उघडलं.
"वेड लागलंय का वहिनी!"
महेश्वरनंतरचं पहिलं वाक्य.
काच खाली घे, म्हटलं.
त्याला बाहेर पडायला वाट नाहीये,
आपण घेऊ थोडं अंगावर.
"कुणाला वाट नाहीये?"
इंजिनाला.

तिने चपला काढल्या, पाय सीटवर घेतले,
खोका मागे भिरकावला.
सुई थांबली.
उतरली नाही. थांबली.

भैरूच्या देवळापाशी कशीबशी जागा मिळाली.
बॉनेट उघडल्यावर वाफ, आणि तो वास,
गोडसर, करपलेल्या पाकाचा.
उल्का पाण्याची बाटली घेऊन धावली,
झाकणावर हात ठेवणार, तोच मी मनगट धरलं.
आता नाही. आत दाबून ठेवलेलं उकळतंय सगळं,
उघडलंस की तोंडावर येईल.
"मग?"
मग बसायचं. पाऊण तास.

बसलो. कठड्यावर, एका हाताचं अंतर ठेवून.
एका क्लीनर पोराने न विचारता काकडी आणून दिली,
अर्धी अर्धी.
पाटल्यांचा विषय निघाला नाही.
बऱ्याच वेळाने ती म्हणाली,
"पुढचा तो पंखा फिरत होता का?"

मी बघितलंच नव्हतं.
वाकलो दोघी. फ्यूजच्या डब्यात एक तार काळी पडलेली.
तिच्या पर्समधून निघाला भुवयांचा चिमटा,
आणि आकडा जुळवून
आम्ही वायपरचा फ्यूज उपटून पंख्याला दिला.
मे महिन्यात वायपर कुणाला हवेत.

मग झाकण. ओला नॅपकिन, पाव वळसा,
फुस्स, आणि थांबून पुन्हा पाव वळसा.
दीड बाटली पाणी प्यायली ती,
एवढुशी गाडी.
किल्ली फिरवली.
थोड्या वेळाने समोरून पंखा गुरगुरला
तेव्हा उल्काने टाळी वाजवली, एकच,
आणि लगेच हात पदराला पुसले.

मानपूर गेलं, महू आलं.
ती रस्ता बघत नव्हती.
"जरा वर गेली का?"
नाही गं.
"मला वाटलं."

हीटर बंद करू का आता, मी विचारलं.
घामाने तिची टिकली भुवईपर्यंत घसरली होती.
"राहू दे," म्हणाली,
"राऊपर्यंत."