रिकाम्या चार रेघा

उगोलीन, आधी तू तांबडी शाई घेतलीस.
चार रेघा ओढल्यास, नांगराच्या तासासारख्या सरळ,
त्यांच्याखाली काळ्या शाईने माझे शब्द मांडलेस
आणि म्हणालास, "चाल मागाहून भरू.
सूर लिहिणारा व्हेनिसला गेलाय, येईलच."
तेव्हा त्रेविझोत द्राक्षं तुडवत होते. आता बर्फ पडतंय.
तो आला नाही. माझे दात मात्र गेले.

गेले ते दात. गाणं अजून तोंडात आहे.
सहा कडवी, आठ-आठ ओळींची,
यमकं पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच,
एका विहिरीवर सहा घरांनी पाणी भरावं तशी.
आणि कडव्याचा शेवटचा शब्द
पुढच्या कडव्याने पहिल्याच ओळीत उचलायचा.
जाणते त्याला कसब म्हणत, माना डोलवत.
मला त्याचा उपयोग एवढाच:
आठवेना झालं की मागल्या शब्दाचं धरायचं बोट.

बोट धरूनच शिकवलं तिने, डोना रिक्सेंदाने,
पिरेनीजच्या उतारावर, चेस्टनट वाळत घातलेल्या माळ्यावर.
"पहाटेचं गाणं नको," म्हणाली, "ते पहारेकऱ्याचं असतं.
मेलेल्या सरदारावर रडायला दुसरे आहेत.
हे सरळ प्रेमाचं. ऐक, दोनात.
दोन ओळी म्हण. त्याच चालीवर आणखी दोन.
मग वळण घे. मग शेपूट,
आणि शेपटाने घरात शिरायचं नाही,
दाराशी थांबायचं."
मी घाईने आत शिरायचो. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची.
तीन आठवडे लागले. सगळ्यात शेवटी दिलं नाव.

नाव तोर्नादात होतं. तोर्नादा म्हणजे
अर्धंच कडवं, गाण्याला वाटेला लावणारं:
जा, गाण्या, अमक्याच्या दारी जा.
खरं नाव नव्हेच ते. दोघांत ठेवलेलं, आडचं,
ज्याचं त्यालाच कळावं असं.
मी गळ्याची शपथ घेतली, बदलणार नाही म्हणून,
आणि खिंड उतरलो. फार थंडी होती.

थंडी होती म्हणून, उगोलीन, दुसरं काही नाही.
नार्बोनला गढीच्या बाईंचं नाव घातलं त्या जागी:
झगा मिळाला, कोल्ह्याच्या अस्तराचा.
लुनेलला आणखी एक नाव, बोकडाची तंगडी.
जेनोआत मिठाच्या व्यापाऱ्याची बायको,
तिच्या नावात एक अक्षर कमी भरलं,
तिथे मी "हाय" घातलं. तिला तेवढंच आवडलं.
तीस वर्षं एकच दार
मी दिसेल त्या घराला बसवत हिंडलो.
मग ऐकलं, वरचा तो बुरूज जाळला.
रिक्सेंदाचं काय झालं, विचारायचं कुणाला?
ज्याला विचारावं त्याचंच नाव
झग्यांच्या ढिगाखाली गेलं.

गेलं, तरी पुरतं नाही. हे बघ,
शेवटची ओळ अशी चढते, एक पायरी,
मग मधलं अक्षर रेंगाळतं,
कुणी जाता जाता मागे वळून बघावं तसं,
मग एक हलकं अक्षर उतरतं. संपलं.
तीन अक्षरं. त्या माणसाचं एवढंच मला ठाऊक.
बाई की बाप्या, तेही नाही.
नाव गळालं, पण चालीत त्याचा खळगा आहे,
गादीवरून उठून गेलेल्याचा उरतो तसा.
आणि चाल तर तुला लिहिता येत नाही.
"काय लिहू?" तू विचारलंस. लेखणीचं टोक वाळत होतं.
जागा सोड म्हटलं. तू बोटांनी मापून सोडलीस,
खाली ती जागा, वर चार तांबड्या रेघा,
आणि म्हणालास, "उजेड संपला, म्हातारबा. आता जा."

जा, गाण्या, वासराच्या कातड्यावर बसून जा.
कुणाकडे, असं कुणी विचारलंच,
तर म्हण, तीन अक्षरं, मधलं लांब.
आणि दाराशी थांब.