कास नसलेलं दूध

गंगावेशच्या कट्ट्यावर रात्री साडेनऊला
आमची चंद्रा उभी राहते.
फेस पेल्याच्या वर येईपर्यंत
गिऱ्हाईक बोलत नाही,
मग ओठांवर पांढरी मिशी घेऊन म्हणतं, "आणि एक."
तीन पिढ्या आम्ही हेच केलं,
गावाच्या मिशा पांढऱ्या केल्या.

आणि माझी पोरगी कावेरी
अर्धा कप प्याली की पोट धरून लोळते.
मीठ-मोहऱ्या उतरून झाल्या.
आई म्हणाली, "गवळ्याच्या पोरीला दूध बाधतंय?
कोळ्याच्या पोराला पाणी बाधल्यागत झालं हे."
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोष दुधाचा नाही, पोरीचाही नाही.
मग कुणाचा,
हे विचारायचं राहिलं.

लक्ष्मीपुरीतनं पावशेर बदाम आणले.
दुकानदार ओळखीचा. "कुस्ती धरलीस काय या वयात?"
"होय," म्हणालो.
खरं सांगायची लाज वाटली.

कुंडी तालमीतली.
हिंदुराव वस्तादांनी काही विचारलं नाही,
एवढंच म्हणाले,
"लिंबाचा सोटा हाय. जोर लावू नको, फिरव.
घाई पैलवानाला असती, बदामाला नसती."

रात्रभर भिजलेला बदाम चिमटीत धरला
की सालीतून सटकतो,
दाव्यातून सुटलेल्या रेडकागत,
फक्त याला कुणाकडं धावायचं ते ठाऊक नाही.

वाटले, पाणी घातलं, मलमलीत बांधले.
पिळायला लागलो तर हात आपोआप
तसाच वळला, अंगठा दुमडून, वरून खाली.
पाठीवर थोपटायचं नव्हतं कुणाच्या,
पान्ह्याची वाट बघायची नव्हती,
लाथेची भीती नव्हती.
तेच जरा ओकंबोकं वाटलं.

याला दूध म्हणायचं का,
यावर घरात अजून भांडण आहे.
आई म्हणते, "साय धरत नाही ते दूध कसलं?"
बायको म्हणते, "नारळाचं दूध चालतंय की तुम्हाला,
तेव्हा विचारलं होतं का, नारळाची कास कुठाय?"

कावेरीनं दोन्ही हातांनी पेला धरला.
पातळ होतं. मिशी नीट उमटली नाही.
आरशात बघून आली,
बोट बुडवून स्वतःच काढली,
एका बाजूला जरा लांब.
मग आम्ही सगळे
अर्धा तास तिच्या पोटाकडं बघत बसलो.
ती कंटाळून खेळायला गेली.

मूठभर चोथा उरला. टाकवेना.
पेंडीत कालवून चंद्रापुढं ठेवला.
तिनं हुंगलं,
एकदा माझ्याकडं बघितलं
आणि घमेलं चाटून पुसून काढलं.

त्या रात्री कट्ट्यावर
मी प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होतो,
कुणी काही वेगळं म्हणतंय का.
"आणि एक,"
म्हणाले सगळे.