हजेरी

सोमवारी वर्गात काचेची पेटी आली.
तळाला वाळू, वाळूवर अकरा शंख, बाकी नुसतं पाणी.
चौथीचा वर्ग नाकं चेपून उभा,
काचेवर वाफेची एकोणीस वर्तुळं.
"मॅडम, मासा कुठंय?"
"आत आहे. शंखात. ते घर आहे त्याचं.
दारात एवढी गर्दी झाल्यावर
तुम्ही तरी बाहेर आला असता का?"

शंख आमच्याच शिवारातले.
गोगलगायींनी सोयाबीनचा कोंब न् कोंब खाल्ला त्या साली
बादल्या भरभरून वेचल्या, मिठात घातल्या.
त्या गेल्या, घरं राहिली बांधावर,
उन्हानं पांढरी फटक.
तीच लेकरांनी दप्तरातून आणली.
खिचडीवाल्या अयोध्याबाई म्हणाल्या,
"माझ्या भगुण्यात हे उकळायचं नाही."
मग मी घरचं जुनं पातेलं आणलं. तीनदा उकळले.
तरी दैवशालानं एकेकाचा वास घेऊन पाहिला,
आणि बारावा, सगळ्यात लहान, खिशात टाकला.
का, ते सांगितलं नाही.

मला भ्याव होतं ते पाण्याचं.
आमचं बोअर साडेसहाशे फुटांवर.
त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही,
हंड्याच्या पोटात खडूसारखा थर.
पण मोटारी भरणारे शकूरचाचा,
ज्यांनी लातूरहून एस.टी.त मांडीवर पिशवी धरून
हे सहा मासे आणले, ते म्हणाले,
"हेच घाला. पावसाचं पाणी घातलं तर आजारी पडत्याल.
यांच्या आफ्रिकेतल्या तळ्याला
आपल्या बोअरवानीच जड पाणी हाय."
शेषेरावनं हे त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.
आपलं पाणी कुणालातरी मानवतं
हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

भिंतीवरच्या नकाशात ते तळं सापडलं,
टांगानिका, मिरचीसारखं उभं आणि निळं.
निलोफरनं पट्टी लावली, गणित केलं, खोडलं, परत केलं:
लातूरहून मुंबई, आणि मुंबईहून नाशिक,
एवढं लांब.
"एवढ्या तळ्यात हा करंगळीएवढा जीव
आपलं घर कसं ओळखतो?"
मला येत नव्हतं. मी म्हटलं, "बघू."

मग रोज मधल्या सुट्टीत एकेकानं
पेटीसमोर बसायचं, हळू आवाजात नाव सांगायचं,
आणि गप्प राहायचं. गप्प राहणं
एकोणिसांतल्या अठरांना जमेना.
गुरुवारी लिंबाजीचा नंबर आला.
त्याचं नाव त्याच्याच ओठांवर अडतं, लिं, लिं, लिं,
आणि एरवी वर्ग हसतो.
तो तिसऱ्या लिं वर होता
तेव्हा शंखाच्या दारात निळ्या कडेचा एक डोळा दिसला.
मग तोंड. मग अंगभर बारीक उभे पट्टे.
लिंबाजीनं श्वास धरला.
माशानं त्याच्याकडं नीट बघितलं,
तोंडभर वाळू उचलली
आणि दाराबाहेर पचकन थुंकला.
"थुंकलं! मॅडम, लिंबाजीवर थुंकलं!"
"येडे," लिंबाजी म्हणाला, एका दमात,
"घर झाडायलंय ते."

दिवाळीनंतर शंखांच्या तोंडाशी
तांदळाच्या कणीएवढं काहीतरी हलायला लागलं.
एक म्हणे नऊ, एक म्हणे चौदा.
मोठे त्यांना हाकलत नव्हते.
आधीची पिल्लं, बरीच थोराड झालेली,
तीसुद्धा तिथंच, दोन शंख सोडून पलीकडं.
"ही जात नाहीत का कुठं?" निलोफरनं विचारलं.
जूनमध्ये ती नवोदयच्या वसतिगृहात जाणार आहे.
"जवळच दुसरं घर बघतात," मी म्हटलं.
"मग घरं पुरतील का?"

दैवशाला उठली. खिशातून बारावा शंख काढला,
महिनोन् महिने हाताळून गुळगुळीत झालेला,
बाही वर करून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला
आणि वाळूत तोंड वर करून ठेवला.
सगळे मासे गडप.

हजेरीपटाच्या मागच्या पानावर
मी त्यांचा आकडा लिहिते. पेन्सिलीनं.